दुसऱ्या मणक्यापाशी

फेब्रुवारीत, वीन्डेल्नच्या रस्त्यावर
एक मूस आडवा आला म्हणून
मायलिस ओर्नने गाडी थांबवली.
मागच्याने नाही थांबवली.

एवढंच. काच फुटली नाही, रक्त नाही,
बंपरला पोचा,
आणि मानेला एक हिसका,
ओला टॉवेल झटकावा तसा.
मूस, ती सांगते, बर्चच्या झाडीत शिरण्याआधी
एकदा वळून बघून गेला.
त्याला वळता येत होतं.

फायलीत मूस नाही.
फायलीत एक्स-रे आहे: सात मणके,
हाताची घडी घालून बसलेल्या शहाण्या मुलांसारखे.
सीटी आहे. एमआरआय आहे, दोनदा.
प्रत्येकाखाली तेच: विशेष काही नाही.
विमा कंपनीचं पत्र आहे, अतिशय सभ्य,
त्यात ‘तथाकथित’ हा शब्द तीनदा.

शाळेची बस तिने सोडली,
रिव्हर्स घेताना मागे बघता येईना म्हणून.
रूने पलीकडच्या खोलीत झोपायला लागला,
आधी फक्त आठवडाभरासाठी.
दुकानात कुणी हाक मारली तर
ती पायांपासून अख्खी वळायची, कपाटासारखी.
गावात म्हणू लागले,
ओर्नबाईंची मान हल्ली फार ताठ झालीय.
दुखावली ती मान,
आणि गेला तोही मान.

आमच्या तळघरात सायक्लोट्रॉन आहे.
तिथे बनतं ते औषध. खरं तर औषध म्हणू नये,
बरं काहीच करत नाही ते,
सूज असेल तिथे जाऊन बसतं
आणि आम्हाला खूण करतं.
वीस मिनिटांत निम्मं उरतं,
पुढच्या विसांत पाव,
म्हणून सेलामावित शिशाचा डबा घेऊन
लिफ्टची वाट न बघता जिन्याने पळत येते.
‘वीस मिनिटांत निम्मं?’ मायलिसने विचारलं
आणि हसली.
हसताना डाव्या हाताने डोकं धरून ठेवलं तिने,
भरलेलं भांडं धरावं तसं.

मी काचेच्या अलीकडे.
पडद्यावर राखाडी, राखाडी,
कवटीचा तळ, जिभेचं मूळ, राखाडी,
आणि मग दुसऱ्या मणक्यापाशी, उजवीकडे,
नारिंगी.

कुणी बोललं नाही.
सेलामावितने खुर्ची पुढे ओढली, तिचा तेवढा आवाज.

दुपारी तिला दाखवलं.
तिने चष्मा बदलला, जवळ आली, बराच वेळ बघत राहिली.
‘इतकंसंच?’
लिंगनबेरीएवढं होतं ते.
दोन वर्षं, नोकरी, पलीकडची खोली,
आणि हे इतकंसं.
मला वाटलं होतं ती रडेल.
तिला राग आला होता.

डॉक्टरांनी सांगितलं ते खरंच होतं:
यावरून जागा कळते. किती दुखतं ते कळत नाही,
आणि थांबवायचं कसं, तेही अजून नाही.
ती ‘बरं’ म्हणाली. पुन्हा ‘बरं’ म्हणाली.

मग तिने शेजारच्या चित्राकडे बोट केलं,
तुलनेसाठी लावलेल्या, पूर्ण राखाडी.
‘ही कुणाची?’
नावं सांगायची नसतात.
मागच्या महिन्यात मीच झोपलो होतो त्या नळीत,
निरोगी माणूस हवा होता, हजार क्राउन मिळाले,
आणि आतल्या आत थोडा कंटाळलो होतो.
‘निजतो छान, हा जो कोण आहे तो,’ ती म्हणाली.
मी मान हलवली.
सहज हलली ती. तिने बघितलं.

एक प्रत तिने मागून घेतली.
विमा कंपनीसाठी का, तर नाही,
रूनेसाठी. फ्रिजवर लावणार.

खिडकीतून पार्किंग दिसतं.
तिने येतानाच दोन रिकाम्या जागांमधून
गाडी सरळ पुढे नेऊन लावली होती,
निघताना मागे घ्यावी लागू नये म्हणून.
बर्फ खरवडला. पाकीट शेजारच्या सीटवर ठेवलं,
काढलं, परत ठेवलं,
आणि त्याला पट्टा लावला.